हँडल किती वर घ्यायचं? रायझर बसवण्याआधी आणि बसवताना

खंबाटकी घाट उतरून साताऱ्याकडं निघालं की रस्ता सरळ होतो, गाडी ऐंशीला स्थिरावते आणि नेमकं तेव्हाच हातांना मुंग्या यायला लागतात. वेळे, सुरूर, पाचवड करत आनेवाडीचा टोलनाका येईपर्यंत माणूस एक हात हँडलवर ठेवून दुसरा झटकत असतो. बरोबरचा कुणीतरी मग चहाच्या टपरीवर सांगतो, "रायझर टाक, विषय संपला." रायझर म्हणजे हँडल आणि फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची) वरची टी, म्हणजे त्या नळ्या वर जोडणारा आडवा तुकडा, यांच्या मधे बसणारे ॲल्युमिनिअमचे ठोकळे. त्यांनी हँडल दोन-तीन सेंटिमीटर वर येतं. वस्तू एवढीच. पण हँडल वर गेलं की त्याला जोडलेलं सगळंच वर जातं: क्लचची केबल, एक्सलेटरची केबल, ब्रेकचा पाइप, स्विचच्या वायरी आणि गाडीवर बसलेला माणूस. त्यामुळं विषय तिथं सुरू होतो असं म्हणणं जास्त बरोबर.

आधी दुखणं ओळखा

मुंग्या कुठल्या बोटांना येतात ते बघा. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं जाणारी अल्नर नस दाबली जात असणार. वरच्या धडाचं वजन हातांवर पडतंय, असा त्याचा सरळ अर्थ. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांनाही हाच त्रास होतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट झिणझिणत असतील तर संशय मीडियन नसेवर. ती मनगटाच्या मधोमध एका अरुंद वाटेनं जाते. मनगट बराच वेळ वाकलेलं राहिलं किंवा ग्रिप फार आवळून धरली की तिथला दाब वाढतो. दोन्ही पंजे सरसकट झिणझिणत असतील, एका ठरावीक वेगाला जास्त आणि वेग बदलला की कमी, तर ते इंजिनाचं कंपन. एका सिलिंडरच्या मोठ्या गाड्यांत हे हमखास. आणि हात धडधाकट असून मान, खांदे, पाठीचा वरचा भाग आखडत असेल, तर हँडल तुमच्या अंगाला लांब पडतंय किंवा खाली पडतंय.

रायझरचा उपयोग पहिल्या आणि शेवटच्या दुखण्यावर होतो. मनगट वाकत असेल तर लिव्हरचा कोन बदलायला हवा. कंपन असेल तर जड बारएंड (हँडलच्या टोकांना बसणारी वजनं), जाड मऊ ग्रिप, इंजिनाच्या माउंटिंगचे बोल्ट ढिले झालेत का हे बघायला हवं. गाडी घरी लावल्यावर रात्री झोपेतही बोटं बधिर होत असतील तर गॅरेज सोडा, डॉक्टर गाठा.

एक गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत. गाडीवर आपण तीन ठिकाणी टेकतो: सीट, फुटरेस्ट आणि हँडल. यातलं एक हललं की बाकी दोन्हींवरचा भार बदलतो. सीट पुढं उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला माणूस टाकीकडं घसरतो आणि परत मागं सरकायला हातांनी हँडल ढकलतो. साताऱ्यात पोवई नाक्याखाली ग्रेड सेपरेटर (भुयारी रस्ता) झाल्यापासून तिथलं थांबणं कमी झालं, पण शहरातली बाकीची वर्दळ आहेच, आणि अशा सीटवर हातांना त्या वर्दळीतच खरा मार बसतो. तिथं कितीही उंच रायझर टाका, वजन हातांवरच येणार. आधी सीटवाल्याकडं जाऊन पुढचा उतार काढून घ्या. त्या कामानंतर रायझरची आठवणही न राहिलेले लोक मी पाहिलेत.

पैसे न घालता होणारी कामं

हँडल त्याच्या क्लँपमधे, म्हणजे त्याला टीवर धरून ठेवणाऱ्या पकडीत, थोडं फिरवता येतं. चार बोल्ट ढिले करायचे, हँडल किंचित स्वतःकडं किंवा पुढं फिरवायचं, परत आवळायचं. बऱ्याच हँडलांवर कंपनीनं ठोकलेला एक बारीक ठिपका असतो, तो क्लँपच्या फटीशी जुळला की ती मूळ जागा. तिथून दोन-तीन मिलिमीटर इकडं-तिकडं केलं तरी हाताला फरक जाणवतो. फार मागं फिरवलं तर ग्रिपची टोकं खाली झुकतात आणि मनगट बाहेरच्या बाजूला मुडपतं, म्हणून थोडंच.

त्याहून महत्त्वाचे लिव्हर. नेहमीसारखं ताठ बसा, बोटं क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरवर ठेवा आणि कुणाला तरी बाजूनं बघायला सांगा. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत एक सरळ रेघ दिसली पाहिजे. मनगटाशी ती वर मोडत असेल तर लिव्हर फार वर आहेत. लिव्हरच्या बुडाचा बोल्ट ढिला करून ते खाली फिरवा. शोरूममधून गाडी आली तेव्हा लिव्हर जसे होते तसेच वर्षानुवर्षं ठेवणारे लोक पाहिले की मला नवल वाटतं. आरसा मात्र सगळे न चुकता आपल्या उंचीला लावतात!

हे करून आठवडाभर गाडी चालवा. तरी हात दुखत असतील तर मग मोजमाप. गाडी मेन स्टँडवर घ्या, नसेल तर कुणीतरी सरळ धरा. सीटवर नेहमीच्या जागी बसा, पाय फुटरेस्टवर, डोळे मिटा, हात खाली सैल सोडा आणि मग कोपर किंचित वाकलेलं ठेवून पंजे समोर आणा, जणू हँडल तिथंच आहे. दुसऱ्या माणसानं पट्टी घेऊन पंजे आणि ग्रिप यांतलं अंतर मोजायचं: किती वर आणि किती मागं. दोन-तीनदा करा. जो आकडा येईल तो तुमचा, इंटरनेटवरच्या कुणाचा नाही. पंजे ग्रिपच्या अगदी जवळच येत असतील तर पैसे वाचले म्हणायचे.

वर घेतलं की मागंही येतं

फोर्क सरळ उभा नसतो, मागं कललेला असतो. रस्त्यावरच्या बहुतेक मोटरसायकलींत हा कल उभ्या रेषेपासून साधारण २४ ते २८ अंश असतो. रायझर टीला काटकोनात बसतो, म्हणजे तो हँडल सरळ आकाशाकडं उचलत नाही, फोर्कच्या कलत्या रेषेत उचलतो. कल २५ अंश धरला आणि ३० मिलिमीटरचा रायझर बसवला तर हँडल सुमारे २७ मिलिमीटर वर आणि सुमारे १३ मिलिमीटर मागं येतं. पावणेपाच-पाच फुटांच्या माणसाला बऱ्याचदा हवं असतं ते हे मागं येणंच. त्यासाठी उंचीपेक्षा मागची सरक जास्त देणारे रायझरही मिळतात, त्यांत वरचा क्लँप मुद्दाम मागच्या बाजूला काढलेला असतो.

हँडल मागं आल्याचा फायदा घाटात कळतो. समर्थ मंदिरावरून यवतेश्वर चढताना अरुंद वळणावर हँडल बरंच फिरवावं लागतं. त्या वेळी वळणाच्या बाहेरचा हात पुढं ताणला जातो, कोपर सरळ होतं, खांदा ओढला जातो आणि नेमक्या त्या क्षणी एक्सलेटर किंवा क्लचवरचा ताबा सैल पडतो. हँडल थोडं मागं असेल तर कोपरात वाक शिल्लक राहतो. पण फार मागं आलं की हँडल पूर्ण फिरवल्यावर ग्रिप टाकीला किंवा गुडघ्याला भिडते, आणि अंगठा मधे चेपला जातो. हे दुकानातच फिरवून बघायचं.

रायझरनं गाडीची वळण्याची भूमिती बदलते असं पुष्कळ जण सांगतात. फोर्कचा कल, चाकाची जागा, ट्रेल (फोर्क ज्याभोवती वळतो ती रेषा जमिनीला भिडते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) यांतलं काहीच बदलत नाही. हँडल फोर्कच्या रेषेतच वर सरकलेलं असल्यानं ते फिरवायला लागणारा जोरही जवळजवळ तेवढाच राहतो. बदलतं ते तुमचं बसणं. धड मागं जातं आणि पुढच्या चाकावरचं वजन थोडं कमी होतं. वीस-तीस मिलिमीटरला हे जाणवेलच असं नाही. पन्नाशीच्या पुढं गेलं की वळणात पुढचं चाक काय सांगतंय ते हातांना कमी कळायला लागतं.

एक वेगळा वर्ग आहे उभं राहून गाडी चालवणाऱ्यांचा. बामणोलीकडचे फुटलेले, खड्ड्यांचे पट्टे एक्सपल्स किंवा हिमालयनवर फुटरेस्टवर उभं राहून पार करणारे आता साताऱ्यात पुष्कळ दिसतात. उभं राहिल्यावर हँडल गुडघ्यांच्या आसपास आलं तर कमरेत वाकून उभं राहावं लागतं आणि पाठ लगेच थकते. अशा चालवण्याला रायझर खरंच लागतो. हिरोनं एक्सपल्ससाठी जे रॅली किट काढलं त्यात हँडलचे रायझर होते ते याच कारणानं. पण त्या लोकांचा आकडा बघून हायवेला बसून जाणाऱ्यानं तेवढाच उंच रायझर घ्यायचं काही कारण नाही.

वाऱ्याचंही गणित आहे. हँडल वर गेलं की छाती ताठ होते आणि वारा थेट अंगावर येतो. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: साठला जेवढा, त्याच्या सव्वादोनपट नव्वदला. साठच्या वेगाला हा रेटा छातीला हलकेच मागं ढकलतो आणि मनगटावरचं वजन उचलतो, ते सुखाचं. नव्वदला तो इतका वाढतो की तुम्ही हँडलला लोंबकळायला लागता आणि मनगटाचं दुखणं बाहू आणि मानेकडं जातं. ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या पठारावर, जिथं पवनचक्क्या उभ्या आहेत, तिथं कमी वेगालाही हे कळतं. बाजूनं येणारा वारा ताठ बसलेल्या माणसाला जास्त हलवतो. शिवाय पाठ उभी झाली की गतिरोधकाचा दणका थेट मणक्यातून वर चढतो, थोडं पुढं झुकलेल्या माणसाच्या बाबतीत त्या दणक्याचा काही भाग हात आणि पाय झेलतात. कंबरेचं जुनं दुखणं असलेल्यांनी हे ध्यानात घ्यावं.

माझं मत विचाराल तर रोजच्या वापराच्या गाडीला २० ते ३० मिलिमीटर पुरे. त्याहून जास्त लागत असेल तर बहुधा वेगळं, उंच वळणाचं हँडल घेणं जास्त शहाणपणाचं.

दुकानात

हँडल जिथं क्लँपमधे बसतं तिथला त्याचा व्यास सहसा दोन मापांत येतो: २२ मिलिमीटर आणि मधे जाड असलेल्या हँडलांना २८ मिलिमीटरच्या वर. रायझर त्याच मापाचा हवा. पत्र्याचा तुकडा गुंडाळून फरक भरून काढायची युक्ती कुणी सुचवली तर दुकान बदला. आर-१५ सारख्या गाड्यांना हँडलचे दोन वेगळे तुकडे थेट फोर्कच्या नळ्यांवर बसतात, त्यांना हा रायझर बसतच नाही. त्यांचा मार्ग वेगळा आणि महाग.

रायझर दोन प्रकारचे. एक, साधा ठोकळा, जो खालच्या क्लँपच्या खाली किंवा मधे बसतो आणि त्यासाठी लांब बोल्ट लागतात. दुसरा, जो जुन्या क्लँपवर हँडलसारखा पकडला जातो आणि वर स्वतःचा क्लँप देतो, याला जुने बोल्ट चालतात. दुसरा बसवायला सोपा, पण सांधे दोन होतात. एकावर एक दोन रायझर रचणं हा प्रकार मात्र करू नका. पान्याचा दांडा लांब केला की नट कमी जोरात सुटतो. इथंही हँडल जितकं वर तितका त्याचा खालच्या सांध्यावरचा पिळा वाढतो. वरच्या टीमधे हँडलखाली रबराचे बुश असलेल्या गाड्यांत हँडल आधीच किंचित डुलतं, उंची वाढली की ते डुलणं हाताला जास्त जाणवतं. जुने, फुटलेले बुश असतील तर आधी ते बदला.

आता बोल्ट. सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात जिवावरचा भाग हाच. बहुतेक गाड्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट असतात, गोल डोक्याच्या बोल्टला ६ नंबरची एलन की लागते. जुना बोल्ट ३५ मिलिमीटर लांब आणि रायझर ३० चा असेल तर नवा ६५ चा हवा. आखूड पडला तर मोजकेच आटे पकडतात. ॲल्युमिनिअममधे बोल्टच्या व्यासाच्या निदान दीडपट खोल आटे बसले पाहिजेत, म्हणजे ८ च्या बोल्टला १२ मिलिमीटर. जास्त लांब झाला तर आणखी फसवं: भोक आरपार नसेल तर बोल्ट तळाला टेकतो, पाना घट्ट लागतो, तुम्हाला वाटतं आवळलं, पण हँडलवर पकड आलेलीच नसते. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा त्याहून मोठा आकडा (हा बोल्टच्या मजबुतीचा) कोरलेला बघा. चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट दिसायला छान, पण नेहमीच्या दुकानातले स्टेनलेस ८.८ पेक्षा नरम असतात.

बसवताना

काम अर्ध्या तासाचं वाटतं, निवांत दोन तास ठेवा. टाकीवर जुनी गोधडी टाका. हँडल सोडवल्यावर ते ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका, आणि ब्रेक ऑइलची डबी शक्यतो आडवी होऊ देऊ नका. ऑइल सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, ते रंग खातं. क्लँपच्या पुढच्या आणि मागच्या फटी कशा ठेवायच्या ते गाडीच्या मॅन्युअलमधे असतं; काही गाड्यांत पुढची फट पूर्ण मिटवून मागची ठेवायची असते, काहींत दोन्ही सारख्या. घट्ट करायचा आकडा ८ च्या बोल्टला सहसा २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्कचा पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा) वापरा. "हाताला अंदाज असतो" म्हणणाऱ्या मिस्त्रींचा आदर राखूनच सांगतो, ॲल्युमिनिअमचे आटे त्या अंदाजानंच जातात.

मग हँडल डावीकडं पूर्ण फिरवा, उजवीकडं पूर्ण फिरवा, आणि खाली बसून केबल बघा. कुठली ताणतेय, कुठली फोर्कला घासतेय, कुठली डूमच्या (हेडलाइटच्या) मागं अडकतेय. बऱ्याचदा केबल लहान नसते, तिची वाट वाकडी असते. एखादी पट्टी कापून, केबल टीच्या पुढून घ्यायच्या ऐवजी मागून घेतली की पुरेशी सैल पडते. तसं होत नसेल तर लांब केबल घ्या.

एक्सलेटरची केबल ताणली आहे का हे कळायला डोळ्यांपेक्षा कान बरे. गाडी न्यूट्रलमधे चालू ठेवा, एक्सलेटरला हात न लावता हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. इंजिनाचा आवाज जरासुद्धा चढता कामा नये. चढला, तर घाटातल्या वळणावर किंवा बाजारात यू-टर्न घेताना गाडी आपणहून पुढं झेपावेल. ज्या गाड्यांत एक्सलेटर केबलऐवजी विजेच्या वायरनं चालतो तिथं ही भीती नाही, पण ती वायरही ओढली जायला नको. क्लचच्या लिव्हरला टोकाशी थोडा मोकळा खेळ राहिला पाहिजे. तो ताणून संपला तर क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात.

ब्रेकच्या पाइपबद्दल थोडं जास्त. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. अशा गाड्यांत हँडलवरून निघालेला पाइप आधी चेसीवर बसवलेल्या एबीएसच्या युनिटला जातो आणि तिथून दुसरा पाइप खाली चाकाकडं. त्यामुळं तिथं हँडल वळवल्यावर वरचा पाइप ताणतो का ते बघायचं. जुन्या गाड्यांत पाइप सरळ चाकापर्यंत जातो, म्हणून पुढचं चाक हवेत उचलून, फोर्क पूर्ण उघडा पडू देऊन, मग हँडल दोन्हीकडं फिरवायचं. चाक जमिनीवर असताना सैल दिसणारा पाइप गतिरोधकावरून गाडी उडाली की ताणला जातो. पाइप बदलावा लागला तर काम माहितगाराकडं द्या, कारण त्यातली हवा काढावी लागते, आणि एबीएसच्या गाडीत ते घरच्या अंगणात उरकायचं काम नाही. वायरिंगच्या जाळीला कोन सेटजवळ (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगजवळ) घासायला जागा राहू देऊ नका. तिथं आतली तार तुटली की कधी हॉर्न जातो, कधी गाडी वळणावरच बंद पडते.

पहिली फेरी जवळच मारा. आधी गल्लीत पूर्ण वळणं, मग यवतेश्वराचा घाट, मग हायवेला वाढेफाट्यावरून थोडं पुढं. ऐंशीला बोटं क्षणभर सैल सोडून बघा. हात हँडलवर नुसते ठेवलेले राहिले पाहिजेत, टेकलेले नव्हेत. शे-दोनशे किलोमीटरनंतर चारही बोल्टना परत एकदा टॉर्कचा पाना लावा. आरसे नव्यानं लावावे लागतील.

आणि जुने बोल्ट टाकून देऊ नका. गाडी विकताना किंवा रायझर नको वाटला म्हणून हँडल मूळ जागी आणलं, तर नवे लांब बोल्ट तळाला टेकतील आणि हँडल ढिलं राहील. जुने बोल्ट गाडीचं नाव लिहिलेल्या छोट्या पिशवीत घालून टूलकिटमधे ठेवा.